बियाण्याच्या मडक्याची चौकशी

ती घटना आठवायला मला डायरी उघडावी लागत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत डोक्यावर दगडही खाल्ला. त्यांतलं बरंचसं आता पुसट झालं आहे. एका मातीच्या भांड्याचं प्रकरण मात्र पुसट होत नाही. त्यात कुणाला साधं खरचटलंही नव्हतं. मी वरिष्ठांची शाबासकी मिळवली होती आणि दोन्ही बाजूंना हात जोडून घरी पाठवलं होतं.

तेव्हा मी अमळनेर ते धुळे पट्ट्यातल्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. आठवडी बाजाराचा दिवस होता. बाजाराच्या दिवशी ठाण्यात पाय ठेवायला जागा नसते. कुणाची सायकल गेलेली, कुणाची म्हैस दुसऱ्याच्या कपाशीत शिरलेली, कुणी पिऊन पडलेलं. त्या गर्दीत एक पांढऱ्या कपड्यांतले गृहस्थ शांतपणे बाकावर बसून होते. आमच्या हवालदार नानांनी त्यांना ओळखलं आणि सरळ माझ्या खोलीत आणलं. ते जवळच्या गावचे नामवंत कुंभार. त्यांच्या फुलदाण्या शहरातल्या प्रदर्शनांत जात. सरकारी बक्षीस मिळालं होतं, त्याचा फोटो त्यांनी खिशातच ठेवला होता.

त्यांची तक्रार अशी होती: धुळ्याच्या मोठ्या प्रदर्शनासाठी निवडलेली फुलदाणी सकाळपासून घरात नाही, आणि धाकट्या भावाची विधवाही घरात नाही. वरून मला एक फोन आला, मग दुसरा आला. घरातलंच भांडण दिसत होतं, म्हणून मी गुन्हा नोंदवला नाही. तक्रार अर्ज घेऊन चौकशीवर ठेवला.

खबर मिळायला तासभरही लागला नाही. एसटी स्टँडवरचा चहावाला आमचा जुना खबऱ्या. त्याचा निरोप आला, की एक बाई मांडीवर गोधडीचं गाठोडं घेऊन चोपड्याकडच्या गाडीची वाट पाहते आहे आणि गाठोडं कुणाला धरू देत नाही. मी महिला शिपायाला घेऊन गेलो. पंचांसमोर गोधडी सोडली. आत तांबूस रंगाचं, पोट फुगलेलं, गळा आवळलेलं हातभर उंचीचं भांडं होतं. खरं सांगतो, मला मातीच्या भांड्यातलं काही कळत नाही, तरी मी दोन क्षण पाहत राहिलो. पंचनामा करून भांडं ताब्यात घेतलं आणि बाईला ठाण्यात आणलं.

बाई पस्तिशी-चाळिशीची होती. लुगड्याचा पदर डोक्यावरून पुढे ओढलेला, हातांना भेगा. मी जे सगळेच अधिकारी करतात ते केलं, दोघांना समोरासमोर उभं केलं. जेठ, म्हणजे तिचे थोरले दीर, म्हणाले, "विचारा तिला, माझी वस्तू आहे की नाही?" मी विचारलं. बाईने पदर आणखी खाली ओढला आणि मान खाली घातली. तीनदा विचारलं, तरी हूं की चूं नाही. मी मनात म्हटलं, चोराची जीभ अशीच टाळूला चिकटते.

इथे थांबून एक कबुली देतो. मी खानदेशातलाच माणूस. माझी आई माझ्या थोरल्या काकांसमोर आयुष्यात एक शब्द बोलली नाही. काकांना निरोप द्यायचा तर आम्हा पोरांकरवी देई. जेठासमोर धाकटी सून बोलत नाही, हे मी पाळण्यातून पाहत आलो होतो. पण खाकी अंगावर चढली की माणूस घरात शिकलेलं घरीच ठेवून येतो. तिच्या गप्प बसण्याचा अर्थ मी गुन्ह्याची कबुली असा लावला.

जेठ बाहेर गेल्यावर तिला महिला शिपायाच्या टेबलाशी बसवलं तेव्हा ती बोलली.

"हाई मनं शे, भाऊ. मी करेल शे."

भांडं तिचं, तिनेच केलेलं, असं ती म्हणत होती. मी हसलो नाही, पण हसू आलं होतं. मी विचारलं, "तुमच्या घरात चाकावर कोण बसतं?"

"जेठ बसतस."

"तू कधी बसलीस?"

"नही. बाईनी चाकले हात लावाना नही. आमनामा तसं चालत नही."

झालं. मी जबाबात लिहून घेतलं, की चाकावर केवळ तक्रारदारच काम करतो हे ती कबूल करते. माझ्या मते प्रकरण तिथेच मिटलं होतं. खात्री हवी म्हणून कुंभारगल्लीतल्या पाच-सहा जणांना बोलावून विचारलं, त्या घरात भांडी कोण घडवतं? सगळ्यांनी एका सुरात जेठांचं नाव सांगितलं. कुणी खोटं बोललं नाही. तिथे घडवणारा म्हणजे चाकावर बसणारा. माती तुडवणारी, चाळणारी, थापणारी, रंगवणारी, आवा म्हणजे भट्टी लावताना गोवऱ्या रचणारी बाई घडवणाऱ्यांत धरत नाहीत. मी जे विचारलं त्याचं त्यांनी प्रामाणिक उत्तर दिलं.

संध्याकाळी बाईला गावातल्या तिच्या एका नातलगाच्या हवाली केलं. भांडं मुद्देमालाच्या खोलीत ठेवायचं काम नानांकडे होतं. नाना निवृत्तीला टेकलेले, पोट सुटलेले, पण कामाला चोख. कुठलंही भांडं जमा करताना आत हात घालून पाहायची त्यांची सवय. भांड्यात गांजा सापडल्याचा अनुभव होता त्यांना. हात आत घालून ते तसेच उभे राहिले.

"साहेब, याले आतून रेघा नहीत."

मी म्हटलं, "कसल्या रेघा?"

नानांचं बालपण कुंभारांच्या शेजारात गेलेलं. त्यांनी मला समजावलं. चाकावर भांडं चढवताना कुंभाराची बोटं आतून फिरतात, त्यांच्या गोल रेघा राहतात. भांडं चाकावरून उतरवताना दोरा घालून कापतात, त्याची खूण तळाला दिसते. मी बॅटरी लावून पाहिलं. तळ थापून गुळगुळीत केलेला होता. आत रेघ नव्हती. बोटांनी दाबल्याचे खळगे मात्र होते, एकाशेजारी एक, गळ्यापर्यंत. म्हणजे हे भांडं चाकावर चढलंच नव्हतं. मी दिवसभर चाकाबद्दल विचारत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी रजिस्टरला नोंद करून भांडं बाहेर काढलं आणि नानांसोबत एरंडोलला गेलो. तिथे आबा म्हणून एक म्हातारे कुंभार होते, दोन्ही पक्षांशी नातं नसलेले. आबांनी भांडं मांडीवर घेतलं, बोटाने टिचकी मारली. तळाचा थोडा भाग ओला करून वास घेतला. नवा गुन्हा दाखल करताना मी जेवढा वेळ घेतो त्याहून जास्त वेळ त्यांनी घेतला.

"हाई माटी आमनी नही, साहेब," ते म्हणाले. "तापीना पलीकडनी शे, डोंगरना पायथानी. आनि हाई फुले ठेवानं नही. बी ठेवानं शे."

"बी?"

"ज्वारीनं, भगरनं, वालनं बी. पुढला सालनं. म्हनीसन गळा आवळेल शे, वरतून शेणमाटीनं तोंड बंद करतस." मग माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहून म्हणाले, "बाईना हातनं शे हाई. माणूस असं करत नही."

बाईचं माहेर कुठलं ते जबाबात लिहिलेलं होतं. चोपड्याच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याचं एक खेडं. पाऊस पडला तर शेती, नाही तर जंगलातला डिंक आणि मजुरी, अशा गावातलं कुंभाराचं एकच घर. आम्ही तसेच तिकडे गेलो.

घरात तिची चुलती होती. सत्तरीची, नजर अधू झालेली. मागच्या खोलीत भिंतीलगत माचावर तशीच मडकी ओळीने मांडलेली होती, धुराने काळी पडलेली. प्रत्येकाच्या तोंडाला शेणमातीचं बूच. मी मोजली नाहीत, पण मधली एक जागा रिकामी होती हे लगेच लक्षात आलं. मी विचारलं नाही तरी म्हातारीने सांगितलं. त्या घरात प्रत्येक बाईचं एक मडकं. बाई गेली आणि पुढे तिचं मडकं फुटलं, तर तिच्या लेकीने स्वतःच्या हाताने नवं करून त्या जागी आणून ठेवायचं. सून चालत नाही, विकतचं चालत नाही. आमच्या बाईची आई गेली होती आणि उन्हाळ्यात तिचं मडकं तडकलं होतं. लेक येऊन इथली माती पोत्यात भरून घेऊन गेली होती.

मी काही न सांगता भांडं म्हातारीच्या पुढ्यात ठेवलं. तिने ते पाहिलं नाही, डोळ्यांचा तिला फारसा उपयोग नव्हता. मनगटापर्यंत हात आत घातला आणि एकेका खळग्यात आपली बोटं बसवत गेली.

"हाऊ मनी पुतनीना हात शे," ती म्हणाली. "देखा ना, चौथं बोट लागतंच नही. धाकली व्हती तवय घट्टीखाले सापडनी तिनी करंगयी."

लहानपणी करंगळी जात्याखाली सापडलेली. मी स्वतः हात घातला. तीन खळगे खोल आणि चौथा बाजूला सटकलेला. पुढे परत तसंच, तळापासून गळ्यापर्यंत तसंच. ठाण्यात जबाबाखाली तिचा अंगठा घेताना तिचं ते बाहेर वळलेलं बोट मी बाजूला सारलं होतं. डोळ्यांसमोर होतं आणि दिसलं नव्हतं. तपास लागल्यावर पोलिसाला जो आनंद होतो तो मला त्या घरात झाला. नानांच्या पाठीवर मी थाप मारली. म्हातारीने विचारलं, "ती कवय येस? जागा खाली शे." मी म्हटलं, येईल, लवकरच येईल.

जेठांना बोलावलं. या वेळी चहा मागवला, कारण माणूस कोंडीत धरायचा तर आधी त्याला सैल बसू द्यावं लागतं. मी भांड्यात हात घालायला सांगितलं. त्यांनी घातला नाही. कप खाली ठेवला आणि म्हणाले, "कळलं तर तुम्हाला."

ते मुळीच खोटं बोलले नाहीत. भाऊ गेल्यापासूनच्या सगळ्या फुलदाण्या तिनेच थापल्या होत्या. बक्षीस मिळालेलीही तिचीच, आणि माहेरासाठी थापलेलं हे मडकं त्यांनीच प्रदर्शनाला निवडलं होतं. "पण साहेब," ते म्हणाले, "वडील आजोबांच्या नावावर माठ विकायचे. मी वडिलांच्या नावावर विकले. नाव घराचं असतं. फॉर्मवर एकच रकाना असतो, तिथे घरातल्या मोठ्याचं नाव जातं. तिला आणि तिच्या मुलीला मी अंतर दिलेलं नाही. मुलीसाठी स्थळ बघतोय. उद्या हे पेपरात आलं तर कोण दारात उभं राहील?"

त्या माणसाचा राग यावा असं मला फार वाटत होतं. राग आला नाही. तो बोलत होता ते आमच्याकडच्या कुठल्याही घरात कुठल्याही मोठ्या भावाने म्हटलं असतं. माझ्या काकांनीही म्हटलं असतं.

मी बाईला बोलावून सगळं सांगितलं. मडकं तिचंच आहे हे सिद्ध झालं, हेही सांगितलं. मला वाटलं होतं ती रडेल किंवा मडकं मागेल. तिने पदराखालून मान वर केली आणि पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं.

"माले काही नको, भाऊ. मडकं बी त्यास्ले दी टाका. मायनी जागावर मी दुसरं करी ठेवसू. फक्त कागदवर लिखी ठेवा, हाई मी करेल शे."

एवढंच. एका ओळीचं काम होतं. पण माझ्या डोक्यात पंचवीस वर्षांची नोकरी बोलायला लागली. मी तिला समजावलं, की तसं लिहिलं तर तक्रार खोटी ठरते. खोटी ठरली की जेठावर कारवाई येते. कारवाई आली की घर मोडतं, मुलीचं लग्न अडतं. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मी ती वाक्यं इतक्या बायकांना इतक्यांदा ऐकवली होती, की तोंडातून आपोआप निघत होती. महिला शिपाई खिडकीबाहेर पाहत होती.

बाई म्हणाली, "तुम्ही म्हनशात तसं."

नानांनी मात्र मला बाजूला घेतलं. आयुष्यात त्यांनी माझ्या कामात तोंड घातलं नव्हतं. "साहेब, आपल्या स्टेशन डायरीत तरी एक ओळ टाका. तिच्यासाठी नाही, तपास आपण लावला म्हणून." मी म्हटलं, नाना, डायरीची नक्कल उद्या कुणीही मागेल. मिटलेलं उकरून कशाला काढायचं?

तडजोडीचा कागद तयार झाला. वस्तू घरातच होती, गैरसमजातून अर्ज दिला गेला, उभयतांची आता काही तक्रार नाही. जेठांनी वळणदार सही केली. बाईने त्यांच्यासमोर पदर ओढून घेतला आणि न बोलता अंगठा दिला. मडकं प्रदर्शनाला जायचं होतं, ते जेठ घेऊन गेले. अर्ज दप्तरी दाखल झाला. साहेबांनी फोनवर शाबासकी दिली, घर सांभाळलंत म्हणाले. मीही त्या दिवशी घरी जाऊन बायकोला हेच सांगितलं.

आता हे लिहायलाच हवं, की जेठांनी शब्द पाळला. मुलीचं लग्न चांगल्या घरी करून दिलं. माणूस वाईट नव्हता. मग चुकलं कुणाचं, हा प्रश्न मी निवृत्तीनंतर बऱ्याचदा स्वतःला विचारला आणि दर वेळी तो फिरून माझ्याच टेबलावर आला. त्या खोलीत सगळं माहीत असलेला आणि हातात पेन असलेला माणूस मी एकटाच होतो.

दोन वर्षांपूर्वी धुळ्यात एका कार्यक्रमाला गेलो होतो. दालनात काचेच्या कपाटात ते मडकं दिसलं. ओळखायला मला वेळ लागला नाही. खाली छापील पट्टी होती: फुलदाणी, चाकावरील काम, आणि जेठांचं नाव. मी तिथल्या व्यवस्थापकाला सांगितलं, हे चाकावरचं नाही, फुलदाणी नाही आणि याने केलेलंही नाही. तरुण माणूस होता, नम्र. त्याने वही उघडली आणि विचारलं, "काही लेखी आहे का, साहेब? म्हणजे पट्टी बदलता येईल."

दुसऱ्याच दिवशी मी जुन्या ठाण्यात गेलो. आताच्या साहेबांनी मान ठेवला, खुर्ची दिली. मुदत संपलेले अर्ज कधीच नष्ट झाले होते. तो नियमच आहे, मी स्वतः असे किती गठ्ठे जाळायला लावले आहेत. नाना तर कधीच वारले. सातपुड्याकडे फोन लावून पाहिला. म्हातारी गेली होती, घर पडलं होतं, मडक्यांचं पुढे काय झालं कुणाला माहीत नव्हतं. तिथे दुसरं मडकं कधी आलं का, हेही कुणाला सांगता आलं नाही. आणि ती बाईही वारली होती, मी ते मडकं पुन्हा पाहिलं त्याच्या आदल्या वर्षी.

राहिली मुलगी. ती अमळनेरला असते, सासरचं मातीच्या भांड्यांचं दुकान आहे. मी पत्ता काढून गेलो. दुकानात दर्शनी भागात चुलत्याचा, म्हणजे त्या जेठांचा, मोठा फोटो होता, त्यांच्याच नावाने माल चालतो. तिने मला मागच्या खोलीत बसवलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. एरंडोलचे आबा, रिकामी जागा, करंगळी, सगळं. म्हटलं, मी हे लिहिणार आहे, आईचं नाव घालून लिहिणार आहे.

तिने उठून खोलीचं दार लोटून घेतलं.

"नाव नका घालू, काका," ती म्हणाली. "दुकान त्यांच्या नावावर चालतं. घरात मलाच ऐकून घ्यावं लागेल."

म्हणून या लेखात त्या बाईचं नाव नाही. नोकरीतल्या एवढ्या वर्षांत मी लोकांची घरं वाचवली असं म्हणवून घेत आलो. त्यासाठी दर वेळी काय काय कागदाबाहेर ठेवलं, त्याचा विचार केला नाही. भांडण मिटलं म्हणजे न्याय झाला असं आम्ही समजतो. वरचे साहेबही तेच समजतात. मी आता तसं समजत नाही, पण आता माझ्या समजण्याने कुणाचं काही अडत नाही.

निघताना मुलगी दारापर्यंत आली. तोवर ती माझ्याशी शहरी भाषेत बोलत होती. दारात थांबली आणि एकदम तिच्या आईसारखं बोलली.

"मायनी तुमनाकडे खरंच मांगेल व्हतं? लिखी ठेवा म्हनीसन?"

"हो," मी म्हटलं. "दुसरं काहीच मागितलं नाही."

"मंग तुम्ही काय लिखं?"

मला सांगावंच लागलं. "तुझ्या आईची काही तक्रार नाही, असं लिहिलं."